दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या आनुवंशिक कारणांचा शोध : वंशावळींच्या वाचनाचा एक इतिहास

१

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या इतिहासातील विषय हाती घ्यावा, हे काही वाचकांस अधिकाराचे उल्लंघन वाटण्याचा संभव आहे. म्हणून ह्या विषयाकडे वळण्याचे कारण आरंभीच सांगितलेले बरे. उच्चारशास्त्राच्या पहिल्याच पाठात आपण विद्यार्थ्यांना मृदू टाळूचे कार्य समजावून देतो. ती वर उचलली गेली की नाकाकडील वाट बंद होते आणि वायू मुखावाटे बाहेर पडतो; ती खाली राहिली की म्, न्, ण् हे अनुनासिक वर्ण उमटतात. ज्याची टाळू जन्मतःच दुभंगलेली असते त्याला ही वाट बंद करता येत नाही. प्, त्, क् उच्चारण्यासाठी मुखात जो दाब साठावा लागतो तो साठत नाही आणि सगळेच बोलणे नाकातून येऊ लागते. अशा बोलण्याला आपल्याकडे ‘गेंगाणे’ म्हणून हिणवले जाते. एका लहानशा अवयवाच्या सांधणीवर मनुष्याची वाणी किती अवलंबून असते, हे ह्या व्यंगाइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

हे व्यंग विरळा नाही. सर्व प्रकार मिळून जगात सुमारे सातशे जन्मांमागे एका बालकाला ते असते. गर्भाचा वरचा ओठ साधारणतः सहाव्या-सातव्या आठवड्यात भिन्न भिन्न उंचवटे एकमेकांस मिळून तयार होतो. टाळूच्या दोन बाजूंच्या फळ्या प्रथम जिभेच्या दोहों बाजूंस खाली लोंबत असतात. त्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास मध्यरेषेवर जुळलेल्या असतात. ह्या जुळणीत कोठे खंड पडला की ओठ, हिरडी, टाळू ह्यांपैकी काही भाग दुभंगलेला राहतो.

जुळणी कशी होते हे गर्भविज्ञानाने पुष्कळ पूर्वीच सांगितले. परंतु ती ह्याच बालकात का झाली नाही, आणि एखाद्या घरात हे व्यंग पुनःपुन्हा का दिसते, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास शतकाहून अधिक काळ लागला व ते अजूनही अपुरे आहे. प्रस्तुत लेखात ह्या शोधाचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे. त्यातून एक गोष्ट सिद्ध व्हावी अशी अपेक्षा आहे : ह्या शोधातील निर्णायक पावले केवळ उपकरणांच्या बळावर पडली नाहीत, कुटुंबांची माहिती कोणी कशी विचारली आणि कोणत्या गोष्टींस ‘एक’ व कोणत्या गोष्टींस ‘भिन्न’ मानले, ह्यावर ती अवलंबून होती. हा प्रश्न वर्गीकरणाचा आहे, आणि म्हणूनच तो आपणांस परका नाही.

२

जुन्या उपपत्तींचा विचार प्रथम करू. वाग्भटाने ओठाच्या रोगांत ‘खंडौष्ठ’ हा शब्द योजिला असून ओठ दोन भागांत विभागला जाण्याचे कारण वात हे सांगितले आहे. कडा खरवडून ओठ शिवण्याचा उपचारही त्याने दिला आहे. हे वर्णन केवळ जन्मजात व्यंगालाच लागू आहे असे निश्चयाने म्हणता येत नाही. तथापि त्यात दोष आहे तो वाताचा, कोणा व्यक्तीचा नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लोकसमजुतीचा रोख मात्र वेगळा आहे. गर्भारशीने ग्रहणात विळी-चाकू हाती धरू नये, काही चिरू-कापू नये, नाहीतर मुलाचा ओठ कापलेला निपजतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. हीच कल्पना, आपल्याशी कसलाही संबंध नसताना, मेक्सिकोतही आढळते. ग्रहण म्हणजे चंद्राचा लचका तोडला जाणे. गर्भवतीने ते पाहिले तर पोटातील बालकाच्या ओठाचाही लचका तुटेल, अशी भीती तेथील लोकांत होती. तिच्या निवारणार्थ स्त्रिया ज्वालाकाचेचा तुकडा जवळ बाळगीत, असे सोळाव्या शतकात सहागुन ह्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने नोंदविले आहे. पुढे त्या तुकड्याची जागा किल्लीने वा टाचणीने घेतली. युरोपात ह्या व्यंगाचे नावच सशावरून पडले. इंग्रजी, जर्मन व फ्रेंच ह्या तिन्ही भाषांतील जुन्या शब्दांत ससा आहे, आणि गर्भवतीच्या दृष्टीस ससा पडला म्हणून असे मूल झाले, ही समजूतही त्या नावाच्या सोबतीने चालत आली. आंब्रॉज पारे ह्या प्रख्यात फ्रेंच शस्त्रवैद्याने १५७३ मध्ये जन्मजात विकृतींच्या कारणांची जी यादी दिली, तीतही मातेच्या कल्पनेचा प्रभाव हे एक कारण म्हणून आले आहे.

ह्या सर्व उपपत्तींत एक समान सूत्र आहे. ग्रहण असो, ससा असो वा कल्पना असो, कारण मातेच्या आचरणात शोधलेले आहे. बाप ह्या कथेत कोठेच नाही. आनुवंशिकतेचा शोध हा एका अर्थी ह्या एकतर्फी निवाड्याविरुद्धचा पुरावा गोळा करण्याचा प्रयत्न होय. तो पुरावा नेहमीच निष्पक्षपणे वापरला गेला असे मात्र नाही, हे पुढे दिसेल.

३

एकाच घराण्यात हे व्यंग अनेकदा आढळते, ह्याकडे एकोणिसाव्या शतकातील वैद्यांचे लक्ष गेले होते. १८६३ मध्ये स्प्राउल ह्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली आणि डार्विनने पाळीव प्राणी व वनस्पती ह्यांतील बदलांविषयीच्या आपल्या ग्रंथात तिचा निर्देश केला. १९०० मध्ये मेंडेलच्या नियमांचे पुनरुज्जीवन झाल्यानंतर वंशावळी जमविण्याच्या कामाला जोर चढला. लंडनच्या गाल्टन प्रयोगशाळेने मानवी आनुवंशिकतेचा जो मोठा कोश खंडशः प्रसिद्ध केला, त्यात १९१० मध्ये रिशबीथ ह्यांनी ओठ व टाळूच्या दुभंगाच्या वंशावळी एकत्र केल्या.

परंतु ह्या संग्रहात एक मूलभूत दोष होता. ज्या घरात अनेक बाधित व्यक्ती असतील तेच घर नियतकालिकात छापले जाई. जेथे एकच मूल बाधित व बाकी सारे निर्दोष, अशी हजारो घरे कोणाच्या लेखी येत नसत. केवळ म्हणींवरून एखाद्या भाषेचे व्याकरण रचू गेल्यास जे होईल तेच येथे झाले. नमुना लक्षवेधी होता, पण प्रातिनिधिक नव्हता. त्यामुळे कोणी हे व्यंग प्रभावी म्हणे, कोणी अप्रभावी, तर कोणी आनुवंशिकताच नाकारी. आणि प्रत्येकाला आपापल्या मताला अनुकूल वंशावळ सापडे.

अशा अर्धवट ज्ञानावर कायदा उभारला गेला तर काय होते, ह्याचे उदाहरण जर्मनीने घालून दिले. तेथील नाझी राजवटीने १४ जुलै १९३३ रोजी ‘आनुवंशिक रोगी संतती’ टाळण्याचा कायदा केला व त्यान्वये सक्तीची निर्बीजीकरणे सुरू झाली. त्या कायद्यातील ‘गंभीर आनुवंशिक शारीरिक विकृती’ ह्या सदराखाली दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या व्यक्तीही ओढल्या गेल्या. आनुवंशिकतेचा नियम काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही निवाडा दिला गेला. आजीच्या तोंडच्या ग्रहणाने मातेला दोषी ठरविले होते; येथे शासनाने रुग्णालाच दोषी ठरविले. ज्ञानाची भाषा बदलली म्हणून दोष देण्याची वृत्ती बदलतेच असे नाही, ही गोष्ट ह्या इतिहासातून शिकण्यासारखी आहे.

४

पहिले भक्कम पाऊल १९४२ मध्ये कोपनहेगन येथे पडले. तेव्हा डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता. पौल फॉग-आंडर्सन ह्या शस्त्रवैद्याने त्या वर्षी ओठ व टाळूच्या दुभंगाच्या आनुवंशिकतेवर आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच्या हाती एक दुर्मीळ साधन होते. डेन्मार्कमधील ह्या रुग्णांवरील शस्त्रक्रिया बव्हंशी कोपनहेगनमधील एकाच रुग्णालयात होत. त्यामुळे लक्षवेधी घरे निवडण्याचा मोह टाळून, येईल त्या प्रत्येक रुग्णाच्या घराची चौकशी करणे त्याला शक्य झाले. अशी सातशेहून अधिक रुग्णांची कुटुंबे त्याने तपासली.

त्याने प्रश्न विचारला तो असा : ओठ दुभंगलेल्या रुग्णाच्या आप्तांत कोणते व्यंग आढळते? उत्तर स्पष्ट होते. ज्याचा ओठ दुभंगलेला आहे, मग त्याच्या जोडीला टाळू दुभंगलेली असो वा नसो, त्याच्या आप्तांत त्याच प्रकारचे व्यंग अधिक प्रमाणात आढळते. केवळ टाळूचा दुभंग मात्र वाढलेला दिसत नाही. उलट, ज्याची केवळ टाळूच दुभंगलेली आहे त्याच्या आप्तांत टाळूचाच दुभंग वाढलेला दिसतो, ओठाचा नव्हे. पहिला प्रकार मुलग्यांत अधिक, दुसरा मुलींत अधिक. तात्पर्य, जी एक व्याधी समजली जात होती त्या वस्तुतः दोन होत्या.

आपल्या शास्त्रातील एक दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. मराठीत ‘काम’ हा शब्द दोन अर्थी आढळतो. ‘कार्य’ ह्या अर्थाचा ‘काम’ हा संस्कृत ‘कर्म’पासून प्राकृत ‘कम्म’च्या वाटेने आलेला तद्भव आहे, ‘इच्छा’ ह्या अर्थाचा ‘काम’ हा जसाच्या तसा घेतलेला तत्सम आहे. रूप एक, मूळ भिन्न. ह्या दोहोंना एक शब्द मानून जो व्युत्पत्ती शोधील त्याला ती कधीच सापडणार नाही. दुभंगलेल्या टाळूचे असेच झाले होते. ओठासह फाटलेली टाळू आणि एकटीच फाटलेली टाळू ही मुखात पाहिल्यास एकसारखी दिसली, तरी त्यांची कुळे वेगळी होती. फॉग-आंडर्सनने रूपावरून नव्हे तर कुळावरून वर्गीकरण केले. त्यापूर्वीच्या वंशावळींतील बराच गोंधळ ह्या एका भेदाने दूर झाला.

५

नियम सापडला की अपवाद डोळ्यांत भरू लागतात. काही थोडी कुटुंबे अशी होती की ज्यांत आईचा ओठ दुभंगलेला, एका मुलाची केवळ टाळू दुभंगलेली, आणि तिसऱ्या व्यक्तीला ह्यांपैकी काहीच नाही, असे मिश्रण दिसे. फॉग-आंडर्सनच्या नियमाप्रमाणे हे घडावयास नको होते.

ह्या कोड्याची उकल १९५४ मध्ये अॅन व्हॅन डर वूड ह्या अमेरिकन स्त्री-वैद्याच्या लेखाने झाली. तिने लक्ष वेधले ते खालच्या ओठाकडे. अशा कुटुंबांतील अनेक व्यक्तींच्या खालच्या ओठावर, मध्यरेषेच्या दोहों बाजूंस, दोन बारीक खळगे असतात. त्यांनी काही त्रास होत नाही. म्हणून कोणी त्यांची तक्रार करीत नाही व वैद्यही त्यांची नोंद करीत नाही. असे खळगे काही नव्याने आढळले नव्हते. एकोणिसाव्या शतकातच ते वर्णिले गेले होते. परंतु खळगे, ओठाचा दुभंग व टाळूचा दुभंग ही एकाच प्रभावी कारणाची निरनिराळी रूपे आहेत, हे तिने कुटुंबांच्या आधारे मांडले. ज्याला आपण निर्दोष समजत होतो तो आजोबा निर्दोष नव्हता. त्याच्या ओठावरचे दोन खळगे कोणी पाहिले नव्हते, इतकेच.

फॉग-आंडर्सनने एकरूप दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, तर व्हॅन डर वूडने भिन्न दिसणाऱ्या तीन गोष्टी एक केल्या. आपल्याच दृष्टान्तात सांगावयाचे तर ‘कर्म’ आणि ‘काम’ ही रूपे वेगळी दिसली तरी त्यांचे मूळ एकच आहे, हे ओळखण्यासारखे हे होते. भेद आणि अभेद ह्या दोहोंची पारख झाल्यावाचून व्युत्पत्ती साधत नाही. ह्या लक्षणसमूहाला आज व्हॅन डर वूड हिचेच नाव आहे. दुभंगाच्या एकूण रुग्णांत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के एवढेच. परंतु ह्या दोन टक्क्यांनी उरलेल्यांच्या शोधाची वाट कशी दाखविली, ते पुढे येईल.

६

बहुसंख्य कुटुंबांत मात्र असा प्रभावी नियम दिसत नव्हता. तेथे एकच मूल बाधित असे; आईबाप, भावंडे निर्दोष असत; आणि तरीही पुढील अपत्याला धोका सामान्यांपेक्षा अधिक असे. ह्याचा अर्थ कसा लावावयाचा?

उत्तराचा एक धागा उंदरांवरील प्रयोगांतून आला. कॅनडातील मॅगिल विद्यापीठातील क्लार्क फ्रेझर ह्यांनी फाइनस्टाट ह्यांच्यासह १९५१ मध्ये असे दाखविले की, गाभण उंदरिणीला कॉर्टिझोन दिल्यास पिलांची टाळू दुभंगलेली निपजते. लक्षणीय भाग असा की, ‘ए’ ह्या वाणाच्या उंदरांत जवळजवळ सर्वच पिले बाधित होत, तर ‘सी ५७ ब्लॅक’ ह्या वाणात सुमारे पंचमांशच होत. औषध तेच, मात्रा तीच, परिणाम भिन्न. वॉकर व फ्रेझर ह्यांनी १९५६ मध्ये ह्याचे कारण सुचविले : ‘ए’ वाणात टाळूच्या फळ्या मुळातच उशिरा वर उचलल्या जातात. थोडा आणखी विलंब झाला की जुळणीची वेळ टळून जाते. दुसऱ्या वाणात वेळेचा साठा अधिक, म्हणून तेवढाच विलंब तेथे पचून जातो.

ह्यावरून ‘उंबरठ्या’ची कल्पना ह्या क्षेत्रात रुजली. अनेक जनुकांचे बारीक बारीक परिणाम आणि बाह्य परिस्थितीचे परिणाम ह्यांची बेरीज होत जाते. ती एका मर्यादेच्या आत असेतो टाळू वा ओठ पूर्णपणे जुळतो. मर्यादा ओलांडली की दुभंग होतो. सूअल राइट ह्यांनी १९३४ मध्ये गिनिपिगच्या पायांच्या बोटांवरून ही विचारसरणी मांडली होती आणि फाल्कनर ह्यांनी १९६५ मध्ये मानवी व्याधींसाठी तिचे गणित सिद्ध केले.

ह्या उपपत्तीची कसोटीही डेन्मार्कनेच पुरविली. तेथील राष्ट्रीय नोंदींच्या आधारे रुग्णांच्या चोपन्न हजारांहून अधिक आप्तांचा जो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ओठाच्या दुभंगाचे (टाळूसह वा टाळूविना) प्रमाण पहिल्या पायरीच्या आप्तांत, म्हणजे आईबाप, भावंडे व मुले ह्यांत, ३.५ टक्के आढळले. दुसऱ्या पायरीवर ०.८ टक्के आणि तिसऱ्या पायरीवर ०.६ टक्के. एकाच प्रभावी जनुकाचा हा खेळ असता तर प्रत्येक पायरीवर धोका साधारण निम्मा झाला असता. येथे पहिल्याच पायरीनंतर तो चौथाईच्या आसपास उतरतो. अनेक कारणे एकत्र यावी लागतात तेव्हा असेच घडते, कारण दूरच्या आप्तांत ती सर्व एकत्र येण्याचा योग झपाट्याने विरळ होत जातो. जुळ्यांच्या अभ्यासाने (२०११) ह्याची दुसरी बाजू दाखविली. एकबीज जुळ्यांपैकी एकाला हे व्यंग असल्यास दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण ५० टक्के, तर द्विबीज जुळ्यांत ते ८ टक्के आढळले. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे ५० आणि ८ ह्यांतील अंतर सांगते. ती सर्वस्व नाही हे उरलेले ५० टक्के सांगतात.

७

प्रत्यक्ष जनुके हाती लागली ती मात्र प्रथम असामान्य कुटुंबांतून. आइसलंडमध्ये वंशावळी जपण्याची परंपरा मोठी आहे. तेथील एका विस्तृत घराण्यात टाळूचा दुभंग आईकडून मुलग्यांकडे जाताना दिसे, आणि काही व्यक्तींत केवळ जिभेखालचा बंध आखूड असण्याइतकीच खूण असे. १९८७ मध्ये गुद्रुन मूर व सहकाऱ्यांनी हे कारण क्ष-गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. २००१ मध्ये टीबीएक्स २२ हे जनुक ह्या प्रकाराच्या मागे असल्याचे निश्चित झाले. व्हेनेझुएलाच्या मार्गारिटा बेटावर आढळणाऱ्या, केस व दात ह्यांच्या दोषांसह येणाऱ्या अप्रभावी प्रकाराचे जनुक २००० मध्ये सापडले. त्याच वर्षी एका डच कुटुंबात, जेथे दातांची उणीव व दुभंग ही सोबत येत, एमएसएक्स १ ह्या जनुकातील उत्परिवर्तन आढळले.

ह्या सर्वांत उद्बोधक हकीकत व्हॅन डर वूड लक्षणसमूहाची आहे. त्याचे कारण पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे एवढे १९९० च्या सुमारास कळले होते; परंतु त्या प्रदेशातील नेमके जनुक हाती लागत नव्हते. शेवटी ब्राझीलमधील एका जुळ्या जोडीने वाट मोकळी केली. दोघे एकबीज, एक बाधित, दुसरा निर्दोष, आईबापही निर्दोष. दोघांची आनुवंशिक संहिता अक्षरशः सारखी असावयास हवी. तेव्हा ज्या एका अक्षरात फरक सापडेल तेच कारण. एका ग्रंथाच्या दोन हस्तलिखित प्रती समोर ठेवून पाठभेद शोधणाऱ्या संपादकाची ही पद्धत आहे. आयोवा विद्यापीठातील जेफ्री मरे, ब्रायन शूट व शिंजी कोंडो ह्यांच्या गटाने २००२ मध्ये तो पाठभेद आयआरएफ ६ ह्या जनुकात दाखविला. त्यानंतर ह्या लक्षणसमूहाच्या इतर अनेक कुटुंबांतही त्याच जनुकातील निरनिराळी उत्परिवर्तने आढळली.

येथे खरा प्रश्न उभा राहिला : दोन टक्के कुटुंबांत सापडलेले हे जनुक उरलेल्या सामान्य कुटुंबांतही काही करते काय? २००४ मध्ये दहा लोकसमूहांतील १,९६८ कुटुंबांच्या व ८,००३ व्यक्तींच्या तपासणीतून उत्तर ‘होय’ असे आले. ह्या जनुकाभोवतीचे भेद सामान्य दुभंगाशीही निगडित होते. २००८ मध्ये असे दिसले की, तसा एक भेद प्रथिनाच्या संहितेत नसून त्या जनुकाच्या कार्याचे नियमन करणाऱ्या लगतच्या भागात आहे. शब्द शुद्ध आहे, पण त्याच्या आघातात किंचित फरक आहे, असे काहीसे हे होते. विरळा व ठळक व्याधी आणि नेहमीची व अस्पष्ट व्याधी ह्यांमधील भिंत येथे कोसळली.

पुढे संपूर्ण जनुकसंच चाळण्याची साधने आली. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी आठव्या गुणसूत्रावरील एक प्रदेश दाखविला. २०१० मध्ये रुग्ण व त्याचे आईबाप अशा त्रिकुटांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून पहिल्या व विसाव्या गुणसूत्रांवरील आणखी दोन प्रदेश पुढे आले. पहिला युरोपीय वंशाच्या लोकांत ठळक, तर नंतरचे दोन आशियाई कुटुंबांत अधिक ठळक. एका लोकसमूहाचे निष्कर्ष दुसऱ्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हे ह्यावरून स्पष्ट झाले. ह्या दृष्टीने भारतीय कुटुंबांचा वाटा मोलाचा आहे. २००६ मध्ये राधाकृष्ण व सहकाऱ्यांनी अनेक पिढ्यांच्या भारतीय कुटुंबांत तेराव्या गुणसूत्राच्या टोकाकडील प्रदेशाशी सहलग्नता नोंदविली. २०१४ मध्ये दूरच्या आप्तांच्या जनुकसंहितेची तुलना करणाऱ्या अभ्यासात एका भारतीय कुटुंबातील तीन बाधितांत सीडीएच १ ह्या जनुकातील एकच विरळा बदल आढळला.

आणि शेवटी इतिहासाचे वर्तुळ पूर्ण व्हावे अशी एक गोष्ट घडली. २०१४ मध्ये व्हॅन डर वूड लक्षणसमूहाला कारण होणारे दुसरे जनुक, जीआरएचएल ३, सापडले. २०१६ मध्ये त्याच जनुकातील एक भेद सामान्य दुभंगाशी निगडित असल्याचे दिसले, पण कोणत्या? केवळ टाळूच्या. ओठाच्या दुभंगाशी त्याचा तसा संबंध आढळला नाही. फॉग-आंडर्सनने १९४२ मध्ये कागद-पेन्सिलीने आखलेली सीमारेषा चौऱ्याहत्तर वर्षांनी जनुकाच्या पातळीवर पुन्हा उमटली.

८

हा इतिहास आपल्याशी कोठे येऊन भिडतो? माझ्या मते तो भिडतो प्रश्न विचारण्याच्या भाषेत. प्रयोगशाळा कितीही सुसज्ज असली तरी वंशावळ ही अखेर कोणाच्या तरी तोंडून ऐकून लिहावी लागते. आणि महाराष्ट्रात ती मराठीतून ऐकावी लागेल.

पहिली अडचण ‘टाळू’ ह्याच शब्दाची. मराठीत तो तोंडाच्या छताला लागतो, तसाच तान्ह्या मुलाच्या डोक्यावरील मऊ भागालाही लागतो. बाळाची टाळू भरणे हा घरोघरचा नित्यक्रम आहे. ‘घरात कोणाची टाळू उघडी होती काय?’ असे एखाद्या आजीला विचारले तर तिचा हात डोक्याकडे जाईल आणि ‘सगळ्यांचीच होती, वर्षा-दीड वर्षाने भरली’ असे उत्तर मिळेल. उत्तर खरे, पण नोंद चुकीची. त्यापेक्षा ‘लहानपणी दूध नाकातून येत असे काय? कोणी नाकात बोलत असे काय?’ असे विचारल्यास लपलेली खूणही हाती लागण्याचा संभव अधिक. वरून अखंड दिसणाऱ्या टाळूच्या आतील स्नायू कधी कधी जुळलेले नसतात आणि ते केवळ बोलण्यातून कळून येते. येथे उच्चारशास्त्राचा अभ्यासक वैद्याला खरोखरीचे साहाय्य करू शकेल.

दुसरी गोष्ट अनुकूल आहे. इंग्रजीतील ‘कझिन’ ह्या एका शब्दात जे नाते हरवते ते मराठीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ अशा चार शब्दांत सुरक्षित राहते. क्ष-गुणसूत्रावरील व्यंग मामा व भाचा ह्यांत किंवा दोन मावसभावांत एकत्र आढळू शकते. काका व पुतण्या ह्यांत, ते एकाच वारशाने आले असल्यास, आढळत नाही, कारण बाप मुलग्याला क्ष-गुणसूत्र देतच नाही. नातेवाचक शब्द नीट नोंदला तर अर्धे निदान त्या शब्दातच असते. त्याचप्रमाणे मामेबहिणीशी विवाहाची चाल असलेल्या घरांत अप्रभावी प्रकारांचा विचार अगत्याने करावा लागतो.

तिसरी अडचण अधिक खोल आहे. आपले कुलवृत्तान्त आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या ह्यांत वंश लिहिला जातो तो प्रामुख्याने पुरुषांचा. लेक सासरी गेली की तिची शाखा त्या पानावरून उतरते आणि सुनेचे माहेर तर त्यावर कधी चढतच नाही. आनुवंशिकतेला मात्र माहेर व सासर ही दोन्ही सारख्याच मोलाची. ज्या वंशावळीत अर्धे आप्त नाहीत तीवरून ‘आमच्या घरात असे कधी नव्हते’ असे सांगितले जाते, तेव्हा ते विधान प्रामाणिक असूनही निरर्थक असते. आणि त्याचा पुढचा अर्थ ‘म्हणजे ते तिच्याकडून आले’ असा लावला जातो. ग्रहण गेले, पण आरोपी तीच राहिली. जनुक हा नवा शब्द जुन्या आरोपासाठी वापरला जाऊ नये, ह्याची जबाबदारी हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकावर आहे.

वास्तविक गेल्या शतकाच्या संशोधनाचे तात्पर्य ह्याच्या नेमके उलट आहे. बहुसंख्य कुटुंबांत दुभंग हा कोणा एकाने दिलेला वारसा नसतो. मातेकडचे काही, पित्याकडचे काही, गर्भावस्थेतील परिस्थितीचे काही आणि निव्वळ योगायोगाचे काही, अशा अनेक लहान कारणांची बेरीज उंबरठा ओलांडते तेव्हा तो घडतो. आईबापांच्या ठिकाणी ती कारणे असूनही त्यांचे ओठ अखंड असतात. किंबहुना तसले काही भेद तुमच्या-माझ्यातही असतील. आजही पुष्कळशा कुटुंबांना निश्चित असे एक कारण दाखविता येत नाही. परंतु ‘हे तुझ्यामुळे झाले’ असे कोणाही मातेला म्हणण्यास शास्त्रात आधार नाही, एवढे मात्र निश्चयाने सांगता येते. शस्त्रवैद्याने ओठ शिवला, टाळू सांधली, उच्चारांचे शिक्षण दिले, की बालक बोलू लागते. त्याच्या घरात त्याच्याविषयी काय बोलले जाईल, हे ठरविण्यास मात्र वंशावळ पूर्ण लिहिणारा आणि ती समजुतीने वाचून दाखविणारा कोणीतरी लागतो.